फाटक निवडा, स्टेशन नको

एन स्केलच्या मॉड्यूलवर मागे लिहिलं, तेव्हापासून पत्रं येताहेत. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एन स्केल म्हणजे खऱ्याचा 160 वा भाग, दोन रुळांत 9 मिलिमीटर अंतर (या अंतरालाच गेज म्हणतात). मॉड्यूल म्हणजे रूळ आणि आजूबाजूचा देखावा बसवलेली एक सुटी पेटी, जी दुसऱ्याच्या पेटीला जोडता येते. देखावा मनाचा नाही, खऱ्या जागेवरून उतरवलेला.

प्रश्न (कराड) : नोकरीमुळे पुण्यात असतो. घरात चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळी बसेल एवढीच जागा आहे. कराड स्टेशन जसंच्या तसं करायचंय. फलाट, पादचारी पूल, मालधक्का, बाहेरचे रिक्षावाले, सगळं. सुरुवात कुठून करू?

वजाबाकीपासून. चार फूट म्हणजे 122 सेंटिमीटर. त्याला 160 ने गुणा, 195 मीटर येतात. रुंदी जेमतेम 49 मीटर. आपला जुना निळा आयसीएफ डबा बफरसकट 22.3 मीटरचा, म्हणजे एनमध्ये 14 सेंटिमीटर. सतरा डब्यांची गाडी धरली तर ती पावणेआठ फूट होते. फलाट फळीबाहेर, फळी भिंतीबाहेर आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर.

यावर बहुतेक जण सगळंच आकसून घेतात. फलाट सहा डब्यांचा, इमारत निम्मी, पूल बुटका. मला ते पटत नाही. ज्याने त्या फलाटावर कोयना एक्सप्रेसची वाट बघितली आहे, त्याला पहिल्या नजरेतच ते खेळणं वाटतं. त्यापेक्षा 195 मीटरचा एकच तुकडा कापून घ्या आणि त्यातलं काहीही आखडू नका. फलाटाचं टोक घ्या, जिथे उतार जमिनीला टेकतो, तिथली पिवळी पाटी घ्या. तीन लिप्यांत नाही, तीन भाषांत नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. गाडीचे शेवटचे चार-पाच डबे दिसले की पुरे, पुढची गाडी बघणारा मनात जोडून घेतो.

मला विचाराल तर स्टेशन सोडाच, फाटक करा. रस्ता, गेटमनची खोली, सावलीला ठेवलेला माठ, बंद फाटकापुढे एकमेकांत घुसलेल्या मोटारसायकली. सगळं हातभर जागेत मावतं आणि काहीही खोटं करावं लागत नाही. एक सापळा मात्र आहे. 'सी/फा' (सीटी/फाटक) ही शिट्टीची पिवळी पाटी फाटकापासून 600 मीटर अलीकडे असते, एनमध्ये पावणेचार मीटर. म्हणजे ती तुमच्या खोलीतसुद्धा येत नाही. फाटकाला चिकटून रोवलेली ही पाटी मी बऱ्याच मॉड्यूलांवर पाहिली आहे. त्यातलं पहिलं माझंच होतं.

आणि कराड ओळखू यावं असं वाटत असेल, तर स्टेशन ओगलेवाडीच्या अंगाला आहे हे विसरू नका. तिथल्या एखाद्या दुकानाच्या दारावर दोन मिलिमीटरचा प्रभाकर कंदील टांगा, ओगल्यांच्या काचकारखान्यातला. शंभरातल्या नव्वदांना तो दिसणार नाही. उरलेले दहा तुम्हाला चहा पाजतील.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : मुलगी नववीत आहे, तिला नाद लागलाय. पण भारतीय गाडी 9 मिलिमीटरच्या रुळावर चालवणं चूक आहे असं कुणीतरी तिला सांगितलं. खरं का?

हिशेबाने खरं आहे. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, त्याचा 160 वा भाग साडेदहा. 9 मिलिमीटर हे परदेशातल्या 1435 च्या गेजचं माप. फरक दीड मिलिमीटरचा. तो काढायचा तर प्रत्येक डब्याचं प्रत्येक चाक आणि इंजिनाचा आस बदलावा लागेल. नववीत तर नकोच, मी अजून त्या वाटेला गेलो नाही. तिला टी-ट्रॅकची पेटी करू द्या. पेटी 308 मिलिमीटर लांब, तिच्यावर काटो या जपानी कंपनीचे 248 आणि 62 चे दोन रूळ, बेरीज 310. दोन्हीकडे एकेक मिलिमीटर रूळ बाहेर राहतो, म्हणून पेट्या एकमेकींना घासत नाहीत आणि रूळ टक्कन बसतात. दप्तरात मावते, एसटीतून मैत्रिणीकडे नेता येते.

प्रश्न (मिरज) : मी निवृत्त शिक्षक. लहानपणी मिरज–पंढरपूर छोट्या गाडीने आषाढीला जायचो. ती गाडी करायची आहे. तुमचं एन स्केल तिला चालेल का?

गुरुजी, एनचे रूळ चालतील, एन स्केल नको. तुमची छोटी गाडी बार्शी लाइट रेल्वेची, तिचं गेज 762 मिलिमीटर. त्याला 87 ने भागा, 8.76 येतात. म्हणजे डबे, माणसं, झाडं एचओ स्केलची, 1:87 ची घ्यायची आणि खाली 9 मिलिमीटरचे रूळ. पाव मिलिमीटरचा फरक तुमच्या डोळ्यांना दिसणार नाही, माझ्याही नाही. ब्रॉडगेजवाल्यांनी ज्या रुळांवर दीड मिलिमीटरची तडजोड केली, तेच रूळ तुम्हाला जवळजवळ अंगच्या मापाचे होतात.

दोन गोष्टी बदलाव्या लागतील. तयार एन रुळातले स्लीपर 1:87 ला फार दाट आणि आखूड दिसतात. एकाआड एक कापून टाका आणि उरलेल्यांच्या टोकांना लाकडी काड्या चिकटवून लांबी वाढवा. माचिसच्या काड्या चौकोनी असतात, बऱ्या पडतात. दुसरं म्हणजे रुळाची उंची. नेहमीचा 'कोड 80' रूळ 2 मिलिमीटर उंच असतो, 87 पट केला तर 17-18 सेंटिमीटर होतो. आजच्या जड ब्रॉडगेजला शोभेल असा. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने ही लाइन आखली ती प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार न देता, म्हणून तर हलक्या रुळांवर भागलं. तेव्हा मिळेल तो सगळ्यात बारीक रूळ घ्या, किंवा खडी आणि माती रुळाच्या कमरेपर्यंत चढवा. छोट्या लाइनीवर ती तशी असायचीच.

आता जागा. 1897 ला बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली, पण मिरजेला पोचायला 1927 उजाडलं. एके काळी मिरजेच्या यार्डात ब्रॉड, मीटर आणि नॅरो तिन्ही गेज होते. मोह होणारच. तो आवरा आणि सलगरे किंवा कवठेमहांकाळच्या बाजूचा माळ करा. मिरजेबाहेरचा हिरवा पट्टा संपून बाभळी, कुसळी गवत आणि उघडा मुरूम सुरू होतो, तो बदल एका पेटीत दाखवता आला तर स्टेशनची गरजच नाही. वारकरी करणार असालच. 1:87 चा माणूस 19 मिलिमीटर उंच असतो, त्याच्या खांद्यावर पताका देता येते. एनमधला माणूस 10 मिलिमीटरचा, त्याच्या हाती पताका दिली की ती बांबूसारखी दिसते. मात्र तुमची पेटी नववीतल्या मुलीच्या पेटीशेजारी ठेवू नका. एकाच गावात राक्षस आणि बुटके नांदताना दिसतील.

प्रश्न (तासगाव) : ऊस आणि द्राक्षबाग कशी करायची? बाजारातल्या परदेशी सामानात मका मिळतो, गहू मिळतो, आपलं काहीच नाही.

आधी महिना ठरवा. हे कुणी करत नाही आणि मग तुऱ्यावर आलेल्या उसाशेजारी एप्रिलच्या खरड छाटणीची बोडकी बाग उभी राहते. डिसेंबर-जानेवारी धरा. उसाला तुरे आलेले, तोड चालू, ऑक्टोबर छाटणीनंतरची बाग भरलेली, बांधावरचं गवत वाळून पिवळं.

ऊस तीन मीटर धरला तर 19 मिलिमीटर. काथ्याचं पायपुसणं आणा, उभ्या तंतूंचं, नारळी रंगाचं. तंतू 19 ला कातरा आणि धारदार कटरने 4-5 मिलिमीटर रुंद पट्ट्या काढा. मूळ तपकिरी रंग खालच्या तिसऱ्या भागात तसाच राहू द्या, ते पाचट. मधे गडद हिरवा, वरच्या टोकांना पोपटी, ते वाढं. हिरवा फवारताना पट्टी आडवी धरा आणि वरूनच मारा, नाहीतर पाचटही हिरवं होतं. पट्ट्या सरीच्या अंतराने लावा. चार फुटांची सरी साडेसात मिलिमीटर होते. तुऱ्यासाठी जुन्या मेकअप ब्रशचे राखी-पांढरे केस, दहा उसांमागे एखादा. सगळ्या उसाला तुरा लावला तर ते कुरण दिसतं.

आणि ऊस रुळाच्या पुढे उभा करू नका. आमच्याकडे गाडीतून बाहेर बघितलं की ऊसच ऊस असतो, म्हणून मीही पुढच्या कडेला दाट फड लावला. सुरेख झाला. गाडी दिसेना. शेवटी तो तोडला, म्हणजे खरोखर कात्रीने तोडला, आणि पुढे खोडवा, पसरलेलं पाचट आणि एक भरलेली ट्रॉली ठेवली. आता तोच भाग लोक वाकून बघतात.

द्राक्षाच्या ओळी नऊ फुटांवर, म्हणजे 17 मिलिमीटर. खांबाला स्टेपलरच्या पिना सरळ करून, तारेला जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार, वर बारीक हिरवा फोम. मांडव 12 मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका, खालून माणूस वाकून जाताना दिसला पाहिजे.

स्वयंपाकघरातलं काहीही वापरू नका. सांगलीच्या माणसाला हळदीचं शेत करायला खरी हळद वापरावीशी वाटते. उन्हात तिचा रंग उडतो आणि चुन्याच्या पृष्ठभागावर ती लाल होते.

प्रश्न (सातारा) : मोजमाप घ्यायला रुळांवर उतरलं की हटकतात. मग मापं घ्यायची कशी?

हटकतात ते योग्यच करतात. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे. उतरायची गरजही नाही. फलाट तिकीट काढा आणि स्लीपर मोजा. मुख्य मार्गावर किलोमीटरला 1660 स्लीपर धरले तर एकेकातलं अंतर 60 सेंटिमीटर. मोरीवर चौदा स्लीपर दिसले तर ती साडेआठ मीटरच्या आत-बाहेर. उंचीसाठी समोर डबा उभा असताना फोटो काढा. डब्याची लांबी ठाऊक आहे, बाकी त्रैराशिक. फोटो समोरून, काटकोनात घ्या, तिरपा घेतला तर हिशेब फसतो. इमारतीच्या दगडांचे थर मोजले आणि हाताशी असलेल्या एका थराची उंची पट्टीने घेतली की कौलापर्यंतची भिंत कागदावर येते.

प्रश्न (सांगली, गावभाग) : पावसाळ्यात माझ्या मॉड्यूलची फळी वाकली, रूळ वर उचलले. उन्हाळ्यात वेगळंच दुखणं. काय करावं?

फळी दमटपणाने वाकते, उन्हाने नव्हे. आयएस 710 शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या आणि कापल्यावर वर-खाली आणि विशेषतः कडांना वार्निश द्या. एकाच बाजूला दिलं तर ती हमखास वाकते. रुळांसाठी दर मीटरला अर्ध्या मिलिमीटरची फट पुरते, कारण 25 अंशांच्या फरकाने मीटरभर रूळ जेमतेम 0.4 मिलिमीटर वाढतो.

मी हे दुकानदाराच्या 'वॉटरप्रूफ आहे हो' वर विसंबून शिकलो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात आलं, पेट्या खालच्या कप्प्यात होत्या. आठ दिवसांनी बघितलं तर फेव्हिकॉलवरचा सगळा देखावा सायीसारखा उचलून आला होता, प्लायचे पदर सुटले होते. डाग दिलेले रूळ तेवढे तसेच. धुऊन पुन्हा वापरले. आता पेट्या माळ्यावर असतात, गावभागात तुम्हालाही तेच सांगतो.

खडीविषयी जाता जाता. काळ्या दगडाची क्रशरची पूड मैद्याच्या चाळणीतून काढली की रंग अगदी आपला मिळतो. पण तिच्यात चुंबकाला चिकटणारे कण असतात, ते इंजिनाच्या मोटारीत जातात. अंथरण्याआधी पिशवीत गुंडाळलेलं चुंबक तीन-चार वेळा फिरवा. जे चिकटेल ते बघून दचकाल.

प्रश्न (कोरेगाव) : विजेचे खांब आणि तार दाखवायची की नको?

तुमची पेटी कुठल्या सालातली, त्यावर आहे. डिझेलच्या काळातली असेल तर खांब नकोत. आजची असेल तर हवेत, पण थोडे. दोन खांबांत जास्तीत जास्त 72 मीटर अंतर असतं, एनमध्ये 45 सेंटिमीटर, म्हणजे टी-ट्रॅकच्या 31 सेंटिमीटरच्या पेटीवर एकच खांब. तार रुळापासून 34 मिलिमीटरवर येते. मी ती ओढत नाही. गाडी घसरली की हात घालावा लागतो आणि आमच्या घरात हात घालणारे तिघे आहेत.