‘ळ’साठी आजी का थांबते

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आक्काआजीला बालकवींची ‘औदुंबर’ म्हणून दाखवलीस, तेव्हा तिने ‘निळासावळा झरा’पाशी तुला तीनदा थांबवले. फोन ठेवल्यावर तू विचारलेस, “ळच्या जागी ल म्हटला तर काय बिघडते? अर्थ तर तोच राहतो ना?” मी काही बोलले नाही, कारण प्रश्न रास्त होता आणि तो मला लागलाही होता.

तुझ्याएवढी असताना मला तरी अर्थ कुठे ठाऊक होता? भिलवडीच्या घरी दिवे गेले की तात्या आम्हा भावंडांना झोपाळ्यावर बसवून ही आठ ओळींची कविता म्हणवून घेत आणि ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन अशा मात्रा बोटांनी फळीवर वाजवत: ‘चार घरांचे’ आठ, ‘गाव चिमुकले’ आठ, ‘पैल टेकडीकडे’ अकरा. कृष्णेपलीकडे औदुंबर गाव असल्यामुळे ही कविता आपल्याच नदीवरची आहे असे मी कित्येक वर्षे मानत होते. बालकवी खानदेशातले, धरणगावचे, हे पुढे कळले तेव्हा मला चक्क रडू आले होते.

तात्यांचे बोट एकाच ओळीत अडखळे. ‘पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे’ ही ओळ म्हणताना आठवी मात्रा ‘पांढरी’ या शब्दाच्या पोटातच संपते आणि एरवी आठ मात्रांनंतर मिळते ती थांबायची जागा इथे मिळत नाही. बालकवींनी हे ठरवून केले असो वा नसो, वाट वाकडी होते तिथेच ओळही वाकडी चालते, आणि हे मला समजण्याआधी झोपाळ्यावर जाणवले होते.

आता तुझा ळ. या आठ ओळींत तो नऊ वेळा येतो आणि त्यांतले चार शेवटच्या दोन ओळींत आहेत: ‘झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर / पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.’ ळ म्हणायला जीभ मागे वळवून टाळूला टेकवावी लागते, त्यामुळे त्या काळ्या पाण्याशी आपण आपोआप सावकाश होतो. मग ‘जळांत’ म्हणून झाल्यावर ‘बसला असला’ येते, जीभ सुटते, ल लागतो आणि झाड स्थिर बसल्यासारखे वाटते. सगळीकडेच ल म्हटला तर हा बदल ऐकूच येणार नाही. मला वाटते आक्का तिथेच थांबते, जरी तिने हे असे कधी सांगितले नसते.

तरीही ळ न येणाऱ्याला कविता कळत नाही, असे मी म्हणणार नाही. टोरांटोत वाढलेल्या तुझ्या जिभेला तो कुठून सापडणार, हा विचार मलाही छळतो. पुढच्या रविवारी तुला म्हणायची नसेल तर मी म्हणेन. तू माझ्याशेजारी बस आणि टेबलावर मात्रा वाजव.

तुझी,
आई