गोटू वापरावा की नाही, यापेक्षा उडी कोणत्या दिशेला आहे ते पाहावे

आपली अडचण अशी आहे की महाविद्यालयात ‘गोटू’ (प्रोग्रॅमला नाव दिलेल्या जागी, म्हणजे लेबलावर, थेट उडी मारायला लावणारे सी भाषेतील विधान) लिहिल्यास गुण कापले जातात, आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, सी कोडमध्ये मात्र तोच जागोजागी दिसतो. माझ्या मते सरसकट बंदी चुकीची आहे; त्याच फंक्शनमध्ये पुढे आणि बाहेर जाणारी उडी चालते, मागे किंवा एखाद्या ब्लॉकच्या (महिरपी कंसांतील कोडच्या) पोटात शिरणारी चालत नाही.

सी भाषेच्या प्रमाणकात उडीची विधाने चार आहेत: गोटू, कंटिन्यू (लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडच्या, पुढच्या फेरीकडे), ब्रेक (लूपमधून बाहेर) आणि रिटर्न (फंक्शनमधून बाहेर). म्हणजे गोटूला नाक मुरडणारेही दिवसभर उड्या मारतच असतात. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांच्या मार्च १९६८ मधील ज्या पत्राचा दाखला गोटूविरुद्ध नेहमी दिला जातो, त्याचे ‘गोटू घातक’ अशा अर्थाचे भडक शीर्षक संपादक या नात्याने निक्लाउस विर्थ यांनी दिले होते. पत्रातील मुद्दा त्याहून नेमका आहे. चालू प्रोग्रॅम कुठवर आला आहे हे कोडमधील जागा, लूपची कितवी फेरी आणि कोणत्या फंक्शनमधून आपण इथे आलो एवढ्यावरून सांगता आले पाहिजे, आणि अनिर्बंध गोटूमुळे नेमके तेच सांगता येत नाही. ब्रेक किंवा मध्येच केलेले रिटर्न या कसोटीला सहज उतरते.

आता कर्नलकडे पाहू. समजा एका फंक्शनने मेमरी घेतली, मग फाइल उघडली, मग लॉक (एखादी गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारे कुलूप) मागितला. लॉक मिळाला नाही तर फाइल बंद करून मेमरी सोडायची. फाइलच उघडली नाही तर फक्त मेमरी सोडायची. प्रत्येक ठिकाणी ही आवराआवर करून स्वतंत्र रिटर्न लिहिले, तर पुढे चौथी पायरी जोडताना एखाद्या वाटेवर काहीतरी सोडायचे हमखास राहते. त्याऐवजी शेवटी ‘फाइल बंद’ आणि त्याखाली ‘मेमरी मुक्त’ अशी लेबले ठेवली, की फसलेली पायरी योग्य लेबलावर जाते आणि तिथून खाली येत सगळे उलट्या क्रमाने सुटते. सी++ मधील डिस्ट्रक्टर, पायथॉनमधील विथ किंवा गो भाषेतील डिफर हीच आवराआवर आपोआप करतात, म्हणून तिथे या कामासाठी गोटू लागत नाही.

विरोधक २०१४ मधील ॲपलच्या ‘गोटू फेल’ दोषाकडे बोट दाखवतील. तिथे ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आली होती; महिरपी कंस नसलेल्या इफची अट फक्त पहिल्या ओळीला लागू होते, म्हणून दुसरी विनाअट चालली आणि डिजिटल सहीची पडताळणीच वगळली गेली. त्या जागी एरर कोड परत करणारे रिटर्न दोनदा आले असते, तरी अनर्थ तोच झाला असता.

सुरक्षेच्या दृष्टीने काटेकोर मानली जाणारी मिस्रा सी २०१२ ही नियमावलीही गोटू टाळण्याचा केवळ सल्ला देते. तो वापरलाच तर त्याच फंक्शनमधील पुढच्या लेबलावरच जावा, हे मात्र बंधनकारक करते. कोड तपासताना मीही हेच पाहतो. मागे जाणारा गोटू दिसला की तो व्हाइल लूप म्हणून पुन्हा लिहायला सांगतो, आणि दुहेरी लूपमधून एकदम बाहेर पडणारा असेल तर तसाच राहू देतो. परीक्षेत अर्थात गुरुजींचे ऐकावे.