खेळाडूंचा खर्च वेगवेगळ्या देशांत कोण उचलतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ८०० मीटरमध्ये राज्यस्पर्धेपर्यंत गेली, स्पाइक्सपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळा खर्च घरातूनच झाला, आणि परदेशात तरी हा भार सरकार उचलतं का, असं विचारलंय. मी सांगली जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. हा हिशेब दर वर्षी कुठल्या ना कुठल्या पालकाबरोबर बसून करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बातम्यांत दिसणारे आकडे आधी बाजूला ठेवा. ऑलिंपिक सुवर्णाला केंद्र सरकार ७५ लाख देतं, हरियाणा ६ कोटी देतं. सिंगापूरने २०१६ मध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकणाऱ्या जोसेफ स्कूलिंगला दहा लाख सिंगापूर डॉलर दिले, पण त्याआधी त्याला अमेरिकेत ठेवून शिकवण्याचा खर्च वर्षानुवर्षं त्याच्या आईवडिलांनी केला होता. हे झालं इनाम. तुमच्या मुलीला आज हवाय तो खुराक. पदकाच्या आधीची आठ-दहा वर्षं, नाव कुणाला माहीत नसताना, दूध-अंड्याचे पैसे कोण देतं, यावरून देशादेशांतला फरक कळतो.

ब्रिटनची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यांना एकच सुवर्ण मिळालं, पदकतालिकेत ३६ वा क्रमांक. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीच्या तिकीटविक्रीतला वाटा खेळाकडे वळवला गेला. पदकाची आशा असलेल्या खेळाडूला घरभाडं, जेवणखाण, प्रवास यासाठी थेट त्याच्या हातात पैसे मिळू लागले, म्हणजे पोटासाठी नोकरी करत संध्याकाळी सराव करायची वेळ संपली. २०१२ मध्ये लंडनला २९ सुवर्णपदकं आली, २०१६ मध्ये रिओत ते चीनच्याही पुढे, दुसऱ्या क्रमांकावर गेले. पण याच पद्धतीची दुसरी बाजू मला पटत नाही. पदकाची शक्यता दिसत नाही म्हटलं की पैसा बंद. रिओत कांस्य जिंकूनही बॅडमिंटनचा निधी काढून घेतला. बास्केटबॉल तिथल्या शाळांत इतकं खेळलं जातं, पण त्याच्या राष्ट्रीय संघांचाही निधी २०१४ मध्ये थांबला.

जर्मनी आणि इटलीची पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल. जर्मनीत कितीतरी ऑलिंपिकपटू सैन्याच्या पगारावर असतात, इटलीत पोलीस आणि सीमाशुल्क दलांचे स्वतःचे क्रीडा संघ आहेत. आपल्याकडे रेल्वे, सैन्यदल आणि पोलीस हेच करत आले. बीडचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि तिथेच स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचा, धावपटू झाला.

अमेरिकेत तर क्रीडा मंत्रालयच नाही. तिथल्या ऑलिंपिक समितीला सरकार नियमित अनुदान देत नाही. ती प्रक्षेपण हक्क, प्रायोजक आणि देणग्यांवर चालते. खेळाडू घडतात ते विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांवर. १९७२ च्या कायद्याने शिक्षणात मुलींशी भेदभाव करायला बंदी आली, म्हणून खेळाच्या शिष्यवृत्त्याही मुलींना मिळू लागल्या. त्यांच्या महिला धावपटूंची फळी उभी राहिली ती याच वाटेने. नॉर्वेत उलटं आहे. लहान मुलांच्या स्पर्धांत गुणतक्तेच ठेवत नाहीत, पैसा गावोगावच्या क्लबांत जातो, आणि ऑलिंपिक पदकाला रोख बक्षीसही नाही. तरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये पन्नासेक लाख लोकवस्तीचा हा देश सगळ्यांच्या पुढे असतो. मला विचाराल तर खेळावरचा खरा खर्च हाच.

आता आपलं. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. खाशाबा स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्या मानाने आज बरंच काही आहे. ऑलिंपिक पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठी केंद्र सरकारची ‘टॉप्स’ योजना आहे, तिच्यात निवडलेल्या मुख्य गटातल्या खेळाडूला महिन्याला ५०,००० रुपये भत्ता मिळतो. केंद्राच्याच ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या मुलांना महिन्याला १०,००० हाती मिळतात आणि राहणं, जेवण, प्रशिक्षण वेगळं. स्वप्नील कुसाळेचा रस्ता बघा: राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी, म्हणजे निवडक मुलांना ठेवून घेऊन खेळ शिकवणारी संस्था, मग २०१५ मध्ये रेल्वेत नोकरी, मग २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य. नोकरी लागल्यापासून पदकापर्यंत नऊ वर्षं गेली.

भोक आहे ते याच्या खाली, जिल्हा ते राज्य या टप्प्यावर. माझ्या शाळेतली जत भागातली एक मुलगी लांब उडीत विभागात पहिली आली. राज्यस्पर्धेसाठी तिच्या वडिलांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले पैसे काढून दिले. तिथे ती चौथी आली. चौथीला ना शिष्यवृत्ती, ना भत्ता. पुढच्या हंगामात स्पर्धेच्या तारखा आल्या तेव्हा ती आईबरोबर उसाच्या फडावर होती. मी निरोप पाठवला, वर्गणीही काढली होती, पण ती आली नाही. तिच्याइतकी लांब उडी मारणारी मुलगी मला अजून मिळालेली नाही.

तुमच्या मुलीचं तसं होऊ नये म्हणून: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची चौकशी आत्ताच करा, कारण तिथे वयाची अट असते. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा आणि ती स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे ना, हे आधी बघा. पुढे सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी पडताळणी होते, तेव्हा तिथेच बरीच मुलं अडकतात. आणि तिची ८०० मीटरची सध्याची वेळ आणि जन्मसाल इथे लिहा, म्हणजे कुठल्या वयोगटाच्या चाचणीला पाठवायचं ते सांगतो.