व्हायरस काढल्यापासून लॅपटॉप सुरूच होत नाही, दुकानदार म्हणतो फॉरमॅट करावा लागेल. आतला डेटा वाचेल का?

वाचण्याची शक्यता चांगली आहे. आधी त्या दुकानदाराला फोन करा आणि आज फॉरमॅटला हात लावू नका एवढं सांगा. बाकीचं मग सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय ते असं: झेरॉक्सच्या दुकानात वापरलेला पेनड्राइव्ह घरी लावला, त्यातल्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले, अँटिव्हायरसने रात्रभर स्कॅन करून बऱ्याच फाइल उडवल्या. सकाळी रीस्टार्ट केल्यावर विंडोजचा लोगो येतो, पासवर्ड घेतो आणि पुढे काळा पडदा, त्यावर नुसता माउसचा बाण. आत मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आणि दुकानाचं तीन वर्षांचं टॅली.

मी सांगलीत २००५ पासून कॉम्प्युटर दुरुस्त करते. ‘चालू होत नाही’ असं कोणी म्हणालं की मी फोनवरच विचारते: पंखा फिरतो का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? कंपनीचा लोगो येतो का? पासवर्डपर्यंत पोचता का? प्रत्येक ‘हो’ला मशीनचा एकेक टप्पा ठीक असल्याचं कळतं. तुमच्या बाबतीत सगळ्यांची उत्तरं ‘हो’ आहेत. म्हणजे बोर्ड ठीक, डिस्क वाचली जातेय, विंडोज सुरू झालंय, तुम्हाला ओळखतंयही. फक्त शेवटचा तुकडा, डेस्कटॉप दाखवणारा एक्सप्लोरर नावाचा प्रोग्राम, तेवढा सुरू होत नाही. घराला काही झालेलं नाही, आतल्या खोलीचं दार अडकलंय.

हे का होतं ते सांगते, कारण ते कळलं की भीती निम्मी होते. विंडोजमध्ये लॉगिन झाल्यावर कुठला प्रोग्राम आधी चालवायचा याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, असते. व्हायरस तिथे स्वतःचं नाव घालतो, म्हणजे दर वेळी आधी तो चालतो आणि मग तो एक्सप्लोररला बोलावतो. अँटिव्हायरस व्हायरसची फाइल पुसतो, पण ती नोंद कधी कधी तशीच राहते. चोराला हाकललं, पण दाराची किल्ली त्याच्याच खिशात होती. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात याचा एक प्रकार मी इतक्यांदा पाहिला की लोक मशीन टेबलावर ठेवायच्या आधीच ओळखायचे: पासवर्ड टाकला की ‘सेटिंग सेव्ह होत आहेत’ असं येऊन परत लॉगिनचा पडदा, कितीही वेळा करा. बिचारे अँटिव्हायरसला शिव्या घालत यायचे. एक नोंद दुरुस्त केली की मशीन सुरू, आणि माणूस दारातच उभा राहून बघत राहायचा.

आजकालचा व्हायरस सहसा मशीन बंद पाडायला येत नाही हेही लक्षात घ्या. त्याला तुमचे पासवर्ड हवे असतात, बँकेचं लॉगिन हवं असतं, त्यासाठी मशीन चालू राहणं त्याच्या फायद्याचं. मुद्दाम मशीन मारणारे होऊन गेले. २६ एप्रिल १९९९ रोजी पेटलेला सीआयएच हा व्हायरस डिस्कचा सुरुवातीचा भाग शून्यांनी भरायचा आणि जमलं तर बोर्डवरची बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) चिपही पुसायचा. तशी मशीनं खरोखर मेली. पण तो अपवाद म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिला. माझ्याकडे ‘व्हायरसने बंद पडलं’ म्हणून येणारी बहुतेक मशीनं साफसफाईच्या झटापटीत अडलेली असतात, नाहीतर आधीपासूनच डिस्क म्हातारी झालेली असते आणि रात्रभराच्या स्कॅनने तिला शेवटचा धक्का दिलेला असतो. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र खालचं काहीही करू नका. लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्या. त्या अवस्थेत प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे उरलेला डेटा खरवडणं.

आवाज नसेल तर काळ्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडला तर त्यात नवीन टास्क चालवायचा पर्याय आहे, तिथे एक्सप्लोररचं इंग्रजी नाव (explorer) टाकून एंटर करा. खूपदा डेस्कटॉप तिथल्या तिथे समोर येतो. आला की आनंदाने रीस्टार्ट करू नका! ताबडतोब बाहेरची हार्ड डिस्क लावा आणि कॉपी करायला घ्या. दुरुस्ती नंतर. दुरुस्तीत चूक होऊ शकते, आणि कॉपी हातात असली की चुकीची भीती राहत नाही.

टास्क मॅनेजर बंद करून ठेवलेला असेल (व्हायरस हेही करतो) तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा. निळा पडदा येईल, त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड पर्याय. तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं. तिथे बहुतेक बाहेरचे प्रोग्राम सुरूच होत नाहीत, त्यामुळे डेस्कटॉप येण्याची आशा असते. पण माझी आवडती वाट वेगळी आहे. त्याच यादीत कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) आहे. तो उघडून नोटपॅडचं इंग्रजी नाव टाइप करा, एंटर. नोटपॅडमध्ये फाइल, मग ओपन, आणि खाली ‘सर्व फाइल’ निवडा. ही छोटी खिडकीच आता तुमचा कॉम्प्युटर आहे: सगळे ड्राइव्ह दिसतात, फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी आणि बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करता येतं. दोन गोष्टींनी गोंधळू नका. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणजे तुमचा सी कदाचित डी म्हणून दिसेल. आणि कॉपी चालू असताना हिरवी पट्टी दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते. थांबा. फोटो जास्त असतील तर तासभरही लागेल.

याआधी एक काम मोबाइलवर करून ठेवा. तुमच्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल (नव्या लॅपटॉपवर ते बरेचदा मालकाच्या नकळत चालू असतं) तर इथे ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, त्याच ईमेलने लॉगिन करून वहीत उतरवून घ्या. १९ जुलै २०२४ आठवतोय? विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने साधारण ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडली. व्हायरस नव्हता, डेटा जागेवर होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसली की मशीन उठायचं. पण कित्येक ठिकाणी काम याच ४८ आकड्यांपाशी अडून बसलं.

आता काय कॉपी करायचं. याबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. ‘सगळं डीवर आहे, सी उडवला तरी चालेल’ हे वाक्य मी ग्राहकांकडून ऐकलं आणि २००९ साली एकदा त्यावर विश्वास ठेवला. डीटीपी करणारे एक काका, दिवाळी अंकाची पानं लावत होते. मी सी फॉरमॅट केला. पानं डेस्कटॉपवर होती, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून चार दिवस बसले. जुनी फिरती हार्ड डिस्क होती म्हणून बरंच परत मिळालं, पण फाइलींची नावं गेलेली, कोणतं पान कुठलं तेच कळेना. आणि उघडलेल्या पानांवर मराठीच्या जागी नुसती चिन्हं, कारण त्यांचे जुने फॉन्टही सीबरोबर गेले होते. ते फॉन्ट त्यांना पुन्हा मिळवावे लागले. अंक दिवाळीनंतर निघाला. काका रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. आजच्या एसएसडीवर (न फिरणाऱ्या नव्या डिस्कवर) तर पुसलेला डेटा असा परत मिळण्याची आशाही फार धरू नका.

म्हणून यूजर्स नावाचा अख्खा फोल्डर घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट, डाउनलोड, फोटो सगळं त्यातच असतं. टॅलीचा डेटा फोल्डर वेगळा शोधा, तो बरेचदा सीवरच पण दुसऱ्या ठिकाणी असतो. टॅलीचा आधी घ्या, तो आकाराने लहान आणि तुमच्या पोटापाण्याचा. विंडोजमधला फॉन्टचा फोल्डर घ्या, जुन्या मराठी फाइली असोत वा नसोत. सेटअपच्या आणि प्रोग्रामच्या फाइली मात्र घेऊ नका, काही व्हायरस नेमके त्यांनाच चिकटतात आणि तुम्ही त्यांना हाताने नव्या मशीनवर नेऊन ठेवाल.

हे काहीच जमलं नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) पेनड्राइव्ह बनवून त्यावरून लॅपटॉप सुरू करा, इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघायचा पर्याय घ्या. विंडोजचा व्हायरस तिथे चालत नाही. ड्राइव्ह ‘फक्त वाचता येईल’ म्हणून उघडला तरी घाबरू नका, आपल्याला वाचायचंच आहे.

फोटो कॉपी झाले की त्यातले पाच-सहा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. फाइलींच्या नावांपुढे अनोळखी शेपूट लागलं असेल आणि पैसे मागणारी चिठ्ठी सापडली तर ते खंडणीचं प्रकरण आहे. मग काहीही पुसू नका, ती चिठ्ठीसुद्धा. नो मोअर रॅन्सम नावाचा उपक्रम युरोपोल (युरोपची पोलीस संस्था) आणि इतरांनी २०१६ साली सुरू केला, तिथे काही प्रकारांची कुलपं उघडणारी साधनं मोफत मिळतात. आज नसलेलं साधन पुढे कधी येतं, म्हणून कुलूपबंद फाइलीही जपून ठेवायच्या. पैसे भरू नका, भरून फाइली मिळतीलच याची कोणी हमी देत नाही. तुमच्या वर्णनात हे दिसत नाही, पण बघून घ्या.

कॉपी झाली, तपासली, की मग दुकानदाराला खुशाल फॉरमॅट करू द्या. मी स्वतःही शेवटी तेच करते. व्हायरस राहून गेलेल्या मशीनवर दुकानाचे व्यवहार करावेत असं मला वाटत नाही. दुकानदाराचा सल्ला चूक नाही, त्याचा क्रम चूक आहे. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मात्र आजच, मोबाइलवरून बदला. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तिथे मिनिटाला किंमत असते.

आणि तो पेनड्राइव्ह रागाने फॉरमॅट करू नका. शॉर्टकटवाला व्हायरस फोल्डर पुसत नाही, लपवतो. लॅपटॉप नवा झाला, अँटिव्हायरस टाकला, की पेनड्राइव्ह आधी स्कॅन करा, शॉर्टकटवर क्लिक करू नका, आणि फोल्डर ऑप्शनमध्ये लपवलेल्या आणि सिस्टीमच्या फाइली दाखवा असं करा. तुमचे मूळ फोल्डर तिथेच फिकट रंगात दिसतील.

कुठे अडलात तर पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून इथे टाका, रात्री दुकान बंद केल्यावर बघते.