चिकटवणे नव्हे, सांधणे. आणि अनीलीनमधली नीळ

प्रश्न असा आला आहे: पॉलिथिनच्या दोन तुकड्यांमध्ये 'पॉलिअ‍ॅनिलीन' हा वीज वाहून नेणारा पदार्थ मिसळलेली पातळ पट्टी ठेवून ती मायक्रोवेव्ह लहरींनी तापवतात आणि तुकडे एक करतात. याला मराठीत 'चिकटवणे' म्हणावे का? आणि त्या नावातला 'अनिल' म्हणजे वारा का?

दोन्हींचे उत्तर नाही.

'चिकटवणे' हल्ली वाटेल तिथे ऐकू येते आणि दर वेळी कानाला खुपते. चिकटवताना खळ, डिंक, सरस असा तिसरा पदार्थ दोन पृष्ठांना धरून ठेवतो. पृष्ठे होती तशीच राहतात. पॉलिथिनला तर गोंद धड धरतही नाही. इथे घडते ते निराळेच. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये असतात त्याच, पॉलिथिनमधून जवळजवळ आरपार जातात. मधल्या पट्टीतला वीजवाहक पदार्थ मात्र त्या शोषतो आणि तापतो. जास्त घनतेचे पॉलिथिन १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. पट्टीलगतचा थर तेवढा वितळतो, बाहेरून दाब दिलेला असतो, रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत शिरतात आणि निवल्यावर तिथेच गुंतून राहतात. हे सांधणे. याला डाखही म्हणता येणार नाही, कारण डाख लावताना भांडे वितळत नाही. फुटक्या बादलीच्या चिरेवरून तापलेले उलथने फिरवले की आमची आजी 'बादली सांधली' म्हणायची. तिचा शब्द अचूक होता.

आता 'अनिल'. वाऱ्याचा इथे काडीइतका संबंध नाही. शब्द आपल्या निळीचा आहे! संस्कृत नील, नीली, फारसीत नील, अरबीत त्याच्या आधी 'अल्' हे उपपद लागले. अल्कोहोल, अल्कली, अल्जिब्रा यांच्या तोंडी आहे तेच 'अल्'. पण अरबीत न-कारापुढे त्यातला ल टिकत नाही, म्हणून 'अन्-नील'. तेच पोर्तुगीजांत 'अनिल' झाले, आणि सोळाव्या शतकात गुजरातची नीळ भरून त्यांची जहाजे युरोपात जाऊ लागली. पुढे १८२६ साली जर्मन रसायनज्ञ उन्फरडॉर्बेनने निळीचे ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव मिळवला. १८३४ मध्ये रुंगेला तोच डांबरात सापडला. १८४० मध्ये फ्रिट्शेने नीळ दाहक पोटॅशबरोबर तापवून तो पुन्हा मिळवला आणि 'अनिल'वरून त्याला 'अनिलिन' नाव दिले. तिघांना मिळालेली ही द्रव्ये एकच आहेत हे हॉफमनने १८४३ मध्ये दाखवले.

म्हणून माझा आग्रह आहे की मराठीत 'अनीलीन' लिहावे, 'नी' दीर्घ. पाठ्यपुस्तके 'अ‍ॅनिलीन' छापतात आणि त्यांचे कैवारी सांगतात की शब्द इंग्रजीतून आला, तेव्हा उच्चारही इंग्रजी हवा. हे साफ चुकीचे आहे. शब्द जर्मन रसायनज्ञाने पोर्तुगीज शब्दावरून घडवला. जर्मनच्या तोंडी तो 'आनिलीन' आहे, 'अ‍ॅ' हा इंग्रजीचा परिणाम आहे. नीलिमा, नीलम, नीलकंठ आपण दीर्घ लिहितो. मग त्याच घरातून बाहेर पडून जग हिंडून परत आलेल्या शब्दाला इंग्रजी वेष कशासाठी चढवायचा? दुसरे काही विद्वान 'अ-नील, म्हणजे निळे नसलेले' अशी फोड करतात. शुद्ध अनीलीन रंगहीन असते, त्यामुळे फोड पटल्यासारखी वाटते. पण तो 'अ' नकाराचा नाही, अरबी उपपदाचा आहे. अर्थ जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, हे त्यांना कितीदा सांगायचे?

पट्टीतल्या बहुअनीलीनची, म्हणजे अनीलीनचे रेणू साखळीत जोडून बनलेल्या त्या पॉलिअ‍ॅनिलीनची, गंमत तर याहून मोठी. त्याच्या एका रूपाला एमराल्डीन म्हणतात, पाचूवरून. आम्लाविना ते निळे असते आणि वीज वाहून नेत नाही. आम्ल दिले की हिरवे होते आणि वाहक बनते. सांधण्याच्या कामाला वाहकच हवे, म्हणजे निळीचे नाव मिरवणारा हा पदार्थ तिथे हिरवा होऊनच उतरतो.

कारखान्यात कोणी 'वेल्डिंग' म्हटले तर माझी हरकत नाही.