अ‍ॅम्प मोठा घेऊ नका, आवाज कुठे फाटतोय ते आधी शोधा

तुम्ही दिलेली माहिती अशी: हॅचबॅक गाडी, कंपनीच्या जागी बसवलेला अँड्रॉइड स्टीरिओ, ७५ वॉट आरएमएसचे (सतत देता येणाऱ्या ताकदीचे) चार चॅनल असलेला अ‍ॅम्प, पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, वेगळा असलेले), डिकीत ब्रिज करून (दोन चॅनल एकत्र करून) जोडलेला दहा इंची ड्युअल कॉइल सब, म्हणजे खालच्या बेसचा दोन कॉइलींचा स्पीकर (२+२ ओहम). व्हॉल्यूम ४० पैकी २५च्या पुढे नेला की आवाज फाटतो, इंजिन चालू असलं की बारीक ‘कुंई’ येते, आणि दुकानदार म्हणतो अ‍ॅम्प कमी पडतोय.

अ‍ॅम्प कमी पडत नाहीये. ७५ वॉट खरोखरचे मिळाले तर काचा बंद केलेल्या हॅचबॅकमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागेल. तुमच्याकडे बहुधा अ‍ॅम्पवरचा ‘गेन’ हा स्क्रू नको इतका उघडलेला आहे. दुकानात ही सर्रास रीत असते: गिऱ्हाइकाला व्हॉल्यूम १५वरच दणका ऐकवायचा म्हणून गेन तीन-चतुर्थांश फिरवायचा, वर बेस बूस्ट लावायचा. मोठा अ‍ॅम्प आणून त्याचाही गेन तसाच ठेवला तर तोही फाटेल, फक्त जास्त पैशांत.

गेनचा स्क्रू म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. स्टीरिओच्या आरसीएतून (अ‍ॅम्पला आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या केबलमधून) जे व्होल्टेज येतं (कुठे २, कुठे ४-५ व्होल्ट), ते अ‍ॅम्पच्या पूर्ण ताकदीशी जुळवणं एवढंच त्याचं काम. तो जास्त उघडला की व्हॉल्यूम अर्ध्यावर असतानाच अ‍ॅम्पची मर्यादा संपते आणि लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या शेंड्यांमुळे मूळ गाण्यात नसलेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि क्रॉसओव्हर (फ्रिक्वेन्सी वाटून देणारा भाग) त्या सरळ ट्विटरकडे पाठवतो. कमी वॉटच्या अ‍ॅम्पवरही ट्विटर जळतात ते असे. सबच्या बाबतीत कॉइल तापते; गाडीत करपल्यासारखा वास आला तर लगेच बंद करा.

आता क्रमाने शोधू. सुरुवात गाण्यापासून. गणपतीत मोबाइलवर टिपलेलं ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावून सिस्टीम तपासत असाल तर थांबा. फोनचा माइक त्या आवाजाला तिथेच हरलेला असतो. फाटलेपणा फाइलमध्येच आहे, कुठलाही अ‍ॅम्प तो काढू शकत नाही. फॉरवर्ड होत होत आलेल्या फायलींचंही तसंच. नीट रेकॉर्ड झालेली, ओळखीची दोन-तीन गाणी घ्या. फोनमधला इक्वलायझर आणि डॉल्बीसारखे इफेक्ट बंद करा. ब्लूटूथवर फोनचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, ऑक्सवर (फोन वायरने जोडल्यावर) मात्र ८०-९० टक्क्यांच्या वर नेऊ नका.

अँड्रॉइड स्टीरिओत गडबड करायला जागा फार: इक्वलायझर वेगळा, लाउडनेस वेगळा, सबची लेव्हल वेगळी, वर एखादं बेस वाढवणारं अ‍ॅप. सगळं शून्यावर आणा. पेटीवर आरसीए ४ व्होल्ट छापलेलं असलं तरी विश्वास मोजमापावर ठेवायचा. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळेल, एवढ्या कामाला तो पुरतो. ५० हर्ट्झचा, ० डेसिबलचा (म्हणजे फाइलमधल्या कमाल पातळीचा) शुद्ध टोन डाउनलोड करून पेनड्राइव्हवर टाका. अ‍ॅम्प बंद करून आरसीए त्याच्यातून काढा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक आरसीएच्या मधल्या पिनला, दुसरं बाहेरच्या कड्याला लावा आणि व्हॉल्यूम एकेक पायरी वाढवत आकडे लिहीत जा. आकडा ठरावीक प्रमाणात वाढत जाईल, मग एका ठिकाणी वाढ मंदावेल. तिथे स्टीरिओ स्वतःच क्लिप होऊ लागला आहे. त्याच्या दोन-तीन पायऱ्या खाली, हा तुमचा कायमचा कमाल व्हॉल्यूम. ४०च्या स्टीरिओत तो साधारण ३० ते ३२वर सापडतो. तुमचा २५च्या आधीच सापडला तर दोष स्टीरिओचा आहे आणि अ‍ॅम्पला हात लावण्यात अर्थ नाही.

मग गेन. बाहेर किती व्होल्ट हवे याचं सूत्र सोपं आहे: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. दारांसाठी ७५ × ४ = ३००, वर्गमूळ १७.३ व्होल्ट. सबसाठी अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात ब्रिज केल्यावर ४ ओहमला किती ते पाहा. २०० वॉट असेल तर २८.३ व्होल्ट. आकडा आरएमएसचाच घ्या. पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले ‘१२०० वॉट’ म्हणजे पीक (क्षणभराचा शेंडा), ते विसरा.

इंजिन चालू ठेवा (मोकळ्या हवेत, बंद पार्किंगमध्ये नको). अ‍ॅम्प बंद करून सगळ्या स्पीकरच्या वायरी त्याच्यातून काढा. हे टाळू नका, अखंड टोनने ट्विटर काही सेकंदांत जाऊ शकतो. गेन पूर्ण खाली, बेस बूस्ट शून्य, फिल्टर बंद. आरसीए परत लावा, स्टीरिओ वर ठरवलेल्या कमाल व्हॉल्यूमवर आणा आणि टोन चालू करा. दारांच्या एका चॅनलच्या प्लस-मायनसवर मीटर लावून गेन हळूहळू उघडा, १७.३ आलं की थांबा. सबच्या ब्रिज टोकांवर तसंच २८.३. दोन्हींना ५० हर्ट्झच वापरा, कारण स्वस्त मीटर साधारण ४०० हर्ट्झच्या वर खोटे आकडे दाखवतात. स्पीकर जोडलेला नसताना अ‍ॅम्पवर भार नसतो, त्यामुळे हा आकडा वरची सीमा समजा. आलेल्या आकड्यापासून किंचित खालीच राहा. ऑसिलोस्कोप (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) मिळाला तर उत्तमच, त्यावर शेंडा कापला जाताना दिसतो.

एवढं केल्यावर आवाज पूर्वीपेक्षा कमी वाटेल. साहजिक आहे, आता ३० म्हणजे ३०च. रोजच्या गाण्यांत ० डेसिबलपर्यंत फार थोडा भाग पोहोचतो, म्हणून फारच कमी वाटलं तर सगळं पुन्हा उणे ५ डेसिबलच्या टोनने लावा. त्यापलीकडे जाऊ नका. आणि बेस बूस्टला तर हातच लावू नका: ६ डेसिबल वाढवले की त्या फ्रिक्वेन्सीला चौपट ताकद लागते. २०० वॉटवर काठोकाठ बसवलेल्या अ‍ॅम्पकडे ८०० मागितल्यासारखं आहे ते.

फिल्टरबद्दल थोडक्यात. दारातला साडेसहा इंची स्पीकर ४० हर्ट्झ वाजवायला जन्मलेला नाही. हाय पास (खालचं कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झला, सबचा लो पास (वरचं कापणारा) तिथेच, ७० ते ८०. सबच्या लाकडी पेटीला पोर्ट (हवेचं भोक) असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचं कापणारा) २५-३० हर्ट्झला हवाच, कारण पोर्टच्या ट्यूनिंगखाली कोनला आवर घालणारं काही उरत नाही आणि तो टोकाला आपटतो. तो ‘टक टक’ आवाजही लोक अ‍ॅम्पच्या नावावर खपवतात.

तुमच्या सबवर मला खरी शंका आहे. २+२ ओहमच्या दोन कॉइल सीरिजमध्ये जोडल्या तर ४ ओहम होतात, पॅरलल जोडल्या तर १. चार चॅनलचे बहुतेक अ‍ॅम्प ब्रिज केल्यावर ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात, कारण प्रत्येक चॅनलला निम्माच भार दिसतो. १ ओहम जोडलेला असेल तर अ‍ॅम्प तापेल, फाटेल, प्रोटेक्टमध्ये जाईल (स्वतःला बंद करेल). सबच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढून मीटर ओहमवर लावा: ३ ते ४ दाखवलं तर ठीक, १च्या आसपास दाखवलं तर आधी वायरिंग बदला. गेन त्यानंतर.

मग वीज. दोन दारांचे १५० अधिक सबचे २०० असे ३५० वॉट काढायला क्लास डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या रचनेचा) अ‍ॅम्प भरात ३०-३२ अँपिअर ओढतो, क्लास एबी ४०च्या वर. ४० अँपिअरला बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या पाच मीटर ८ गेज शुद्ध तांब्याच्या वायरीत सुमारे ०.४ व्होल्ट गळतात. वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ०.६च्या वर. टोकाला ब्लेडने एक तार खरवडा, आत चांदीसारखी पांढरी निघाली तर फसवणूक झाली आहे. ४ गेज (आकडा लहान तितकी वायर जाड) तांबं टाका, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज, अ‍ॅम्पवरच्या फ्यूजांच्या बेरजेइतका. तपासायला मीटर डीसीवर ठेवून जोरात गाणं चालू असताना एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं अ‍ॅम्पच्या प्लसला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर किंवा जोड खराब. अर्थचंही (अ‍ॅम्पच्या मायनसपासून गाडीच्या बॉडीला जाणाऱ्या वायरीचंही) तसंच करा, तिथे ०.२च्या आत हवं. नळ स्टॉपच्या सिग्नलला एसी आणि दिवे चालू असताना फाटतो आणि मोकळ्या रस्त्यावर बरा वाजतो, असं होत असेल तर कारण बहुधा इथेच आहे.

अर्थची वायर आखूड ठेवा, प्लसइतक्याच जाडीची. जागा बॉडीच्या जाड पत्र्याची. रंग पॉलिश पेपरने पूर्ण काढून चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. थिंबल (वायरीच्या टोकाचं कडं), दातेरी वॉशर, नट, वरून थोडं ग्रीस, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरतो. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो जीव वाचवायला आहे. आणि ही कामं करताना बॅटरीचं मायनस सोडलेलं असावं.

‘कुंई’ इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढत असेल तर ती आल्टरनेटरची आहे. अ‍ॅम्प बंद करून आरसीए काढा आणि परत चालू करा. आवाज राहिला तर दोष अ‍ॅम्पच्या वीज-अर्थमध्ये. गेला तर तो आरसीएतून किंवा स्टीरिओतून येतोय. प्लसची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने नेली आहे ना ते पाहा. दुकानात घाईत दोन्ही एकाच गुंडाळीत घालतात. मग स्टीरिओच्या बॉडीपासून एक जाड वायर डॅशबोर्डमागच्या उघड्या पत्र्याला द्या. अ‍ॅम्प चालू असताना आरसीए काढ-घाल केल्याने काही स्टीरिओंचा आतला अर्थ-फ्यूज उडतो आणि ‘कुंई’ तिथूनच सुरू होते. स्वस्तातला ग्राउंड लूप आयसोलेटर ती दडपतो, पण सोबत खालचा बेसही खातो. गेन योग्य जागी आला की उरलेली ‘कुंई’ बरीचशी आपोआप खाली बसते, कारण जास्तीचा गेन तिलाही मोठी करत होता.

एवढं करूनही खरखर राहिली तर ती विजेची नसेल. मागची नंबर प्लेट, डिकीतला जॅक, दाराच्या पॅडच्या क्लिपा, सगळं वाजतं. एकाने ३० ते १०० हर्ट्झपर्यंत चढणारा टोन हलक्या आवाजात लावायचा, दुसऱ्याने हाताने दाबत फिरायचं. दाराच्या आतल्या पत्र्याला ब्युटाइलची २ मिलिमीटरची शीट लावा, पण दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका. पावसात काचेच्या कडेने पाणी आत येतंच. स्पीकरखालची रिंग साध्या एमडीएफची असेल तर ती फुगते, स्पीकरची चौकट पिळते आणि कॉइल घासते. प्लास्टिकची रिंग घ्या, नाहीतर एमडीएफला दोन हात रंग.

शेवटचं तपासणं स्पीकरचं. सगळं बंद करून दोन्ही अंगठ्यांनी कोन सरळ, समान दाबा. मऊ गेला आणि परत आला तर ठीक. आत खर्र असं घासलं तर कॉइल आधीच करपली किंवा सरकली आहे, आणि त्यावर कुठलंही ट्यूनिंग चालणार नाही. तो स्पीकर बदला, आणि बदलायचाच तर दोन्ही बाजूंचे एकदम.