बागेला ताण देतात तसं

बेटा, प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला पण बागेत सल (झाडावरच्या वाळक्या काड्या) काढणं चालू आहे अन मजूर काही मिळत नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. तू लिहिलंस, "काका, देव मले मारूनच राहिला, भरतीतूनही गेलो अन मंडळीतूनही (चर्चमधूनही) गेलो."

पहिले तर ह्या दोन गोष्टी एका पोत्यात भरू नको. भरतीच्या सोळाशे मीटर धावण्यात तू मागे पडलास, तुझ्यासोबत अजून कितीतरी पोट्टे पडले, ती देवाची शिक्षा कशावरून? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं, अन येशूने सरळ सांगितलं दोघांचंही नाही (बायबलात योहान ९ काढून बघ). सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गुपचूप बसले तोवर बरे होते, तोंड उघडलं अन घोळ केला. आपल्या गावातही तसे लय आहेत बाप्पा, कोणाच्या कपाशीवर बोंडअळी आली की याचं पाप शोधायला बसतात.

पण चर्चमध्ये तुला कीबोर्ड वाजवण्यावरून खाली बसवलं ते वेगळं. कॅम्पच्या वर्गणीचा हिशोब तू खोटा सांगितलास, तुलाही माहीत आहे अन मलाही. त्यातून पळू नको.

मी पळून पाहिलं आहे. खजिनदार होतो तेव्हा ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळली अन दानाच्या पैशातले चार हजार मी वापरले, पुढच्या महिन्यात भरू म्हणून, तो पुढचा महिना काही आलाच नाही. मग एक दिवस पाळकसाहेबांनी घरी बोलावलं, चहा पाजला, रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं अन काहीच बोलले नाहीत. सहा महिने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घेतो ती भाकर अन द्राक्षरस, बंद. भाकरीची थाळी माझ्या बाकावर यायची, गार स्टील हाताला लागायचं, अन मी ती तशीच शेजारच्याला द्यायचो. पहिले दोन महिने नुसता राग होता. तिसऱ्या महिन्यात कधीतरी लक्षात आलं की थाळी माझ्यासमोरून जाते म्हणजे मी अजून ह्याच बाकावर बसलो आहे, कोणी घराबाहेर काढलं नाही.

इब्री लोकांस पत्राचा १२वा अध्याय तेच सांगतो, बाप ज्याला लेकरू मानतो त्यालाच वळण लावतो. मराठीत आपण शिक्षा वाचतो अन डोक्यात कोर्ट येतं, पण तिथला मूळ ग्रीक शब्द पायदेइया, लेकराला वाढवणं, घडवणं असा आहे. दाविद राजाचंच घे, दुसऱ्याची बायको घेतली अन तिच्या नवऱ्याला मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा तोंडावर बोलला, "तो माणूस तूच," पण देवाने त्याला टाकलं नाही. लेकरू मात्र गेलं, ते दुःख त्याने भोगलंच, क्षमा झाली म्हणून सगळंच परत मिळत नाही.

सध्या आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांसाठी, मी संत्र्याचं पाणी तोडलंय, यालाच ताण देणं म्हणतात. पानं मलूल झालीत, नवखा माणूस पाहील तर म्हणेल म्हाताऱ्याने बाग मारली. पण ताण कमी बसला तर नुसती पालवी फुटते, जास्त बसला तर झाड वाळते, हलक्या जमिनीला कमी दिवस अन भारीला जास्त, म्हणून रोज सकाळी जाऊन पानं हातात घेऊन पाहावं लागते. पाणी चालू असताना मी एवढ्या चकरा मारत नाही रे.

अन एक, मंडळीच्या पंचांनी तुझ्या आईला सगळ्यांसमोर बोललं ते चुकलंच. ते देवाच्या नावावर खपवू नको, मी त्यांच्याशी बोलतो. त्याच अध्यायात आहे ना, माणसं आपल्याला वाटेल तशी शिक्षा करतात, देव आपल्या हितासाठी करतो.

तू एवढंच कर, वर्गणीचे पैसे नाताळाच्या आधी परत दे, एकदम जमत नसतील तर हप्त्याने दे पण तोंडाने सांगून दे. धावणं सोडू नको, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. अन रविवारी ये, मी मागच्या बाकावर जागा धरतो. येताना आमची सिकेटर (छाटणीची कात्री) घेऊन ये, तुझ्या बाबांकडे दिवाळीपासून पडली आहे.

तुझा काका